चित्रं घरात की वेगळ्या दालनात?

गावाकडे मोकळ्या जागेवर घर बांधायचं म्हटलं की पहिली हौस मोठ्या काचांची. शेत दिसावं, डोंगर दिसावा. पण काच वाढली की भिंत घटते, मग चित्रं टांगायची कुठे? अमेरिकी वास्तुकार फिलिप जॉन्सन यांनी १९४९ मध्ये काचेचं घर बांधलं आणि १९६५ मध्ये त्याच आवारात चित्रांसाठी जमिनीत दडवलेलं वेगळं दालन उभारलं. आत फिरत्या पटलांवर चित्रं लावलेली. हवं ते पटल फिरवून समोर आणायचं.

वेगळ्या दालनाचा खरा फायदा उजेडाचा. कागदावरच्या चित्राला साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), तैलचित्राला २०० लक्सपर्यंत ठीक. दिवसा खिडकीजवळ याच्या कितीतरी पट उजेड असतो. शिवाय ओल, धूळ, किडे हे गावच्या घराचे नेहमीचे पाहुणे बंद दालनात आवरता येतात. खर्च मात्र वाढतो, आणि खरं सांगायचं तर रोज उठून तिकडे कोण जातं?

राहत्या घरात चित्र चहा पिताना दिसतं, न ठरवता दिसतं. माझा कल इकडेच. उत्तर गोलार्धात असाल तर उत्तरेकडून वरचा झरोका ठेवा, वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. एक लांब भिंत खिडकीविना सोडा आणि गिलाव्यामागे प्लायवूड घाला, म्हणजे खिळा कुठेही ठोकता येतो. नाजूक कागदी चित्रं आतल्या बोळात लावा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर काहीच नको.