मानसशास्त्राच्या एका सरांची वेबसाइट: आठ महिने वापरून

पहिल्यांदा उघडली तेव्हा ही साइट मी मिनिटभरात बंद केली होती. राखाडी पार्श्वभूमी, डावीकडे जिन्यासारखी खाली उतरत जाणारी दुव्यांची यादी, आणि वर एक ओळ: 'काम चालू आहे'. परीक्षा बारा दिवसांवर आली होती आणि मला स्मृतीच्या प्रकरणाच्या आयत्या नोट्स हव्या होत्या. दुसरीकडे कुठेच धड काही मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी परत आले. तेव्हापासून आठ महिने झाले, आठवड्यातून तीन-चारदा तरी येतेच आहे.

सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. साइट त्यांनी स्वतःच्या वर्गासाठी बनवलेली आहे, माझ्यासारखे बाहेरचे लोक तिथे मागच्या दारानं शिरतात. मी त्यांची विद्यार्थिनी नाही आणि ते मला ओळखत नाहीत. नाव लिहिलं तर त्यांच्याकडे 'सर, महत्त्वाचे प्रश्न पाठवा' अशा मेलची रांग लागेल, ते पाप मला नको.

आत काय काय आहे ते आधी सांगते. व्याख्यानांच्या नोट्स, साधारण चाळीस मिनिटांची ध्वनिमुद्रित व्याख्यानं, ब्राउझरमध्येच करता येणारे छोटे प्रयोग, प्रश्नसंच, वर्गातल्या प्रयोगांतून जमलेली कच्ची आकडेवारी, वाचनाची यादी. शिवाय 'मी चुकीचं शिकवलं' नावाचं एक पान, त्याकडे नंतर येते. सगळं इंग्रजीत आहे, पण वाक्यं आखूड आणि सरळ. माझं शिक्षण मराठीतून झालंय, तरी अडलं ते संज्ञांपाशी, भाषेपाशी नाही. मी वहीत दोन रकाने आखले: एकीकडे त्यांची संज्ञा, दुसरीकडे आपली. अवधान (लक्ष), प्रत्यावाहन (आठवून सांगणं), अभिसंधान (दोन गोष्टींची सांगड बसून शिकणं), प्रतिक्रिया काल (प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ). महिन्याभरात ती वहीच माझ्या खऱ्या नोट्स झाली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रयोगांत. सरांची एक खोड आहे. प्रयोगाचं नाव किंवा हेतू ते आधी सांगत नाहीत. नुसतं 'सुरू करा' असं बटण. पहिल्यांदा पडद्यावर एकामागून एक पंधरा शब्द आले. पलंग, विश्रांती, जागं, थकलेलं, स्वप्न असे, अर्थात इंग्रजीत. मग दोन मिनिटं बेरजा-वजाबाक्या करायला लावल्या, आणि मग आठवतील ते शब्द लिहा. मी अकरा लिहिले आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या पडद्यावर एकच प्रश्न होता: 'झोप' हा शब्द यादीत होता याची तुम्हाला किती खात्री आहे? मी 'पूर्ण' वर टिचकी मारली. तो शब्द यादीत नव्हताच.

त्यानंतर मग खुलासा. मानसशास्त्रज्ञ जेम्स डीस यांनी १९५९ मध्ये वापरलेली ही पद्धत रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये पुन्हा पुढे आणली. एकाच अर्थाभोवती फिरणारे शब्द दिले की मधला न दिलेला शब्दही आपण 'आठवतो'. हे पुस्तकात मी आधी वाचलेलं होतं. परीक्षेत पाच गुणांना लिहिलंही होतं. पण स्वतः तोंडावर आपटल्याशिवाय ते कळलं नव्हतं.

मग मी याची मराठी यादी केली: गादी, उशी, पांघरूण, रात्र, स्वप्न, जांभई, घोरणं, अंगाई, डुलकी आणि असेच आणखी. घरात ज्याला त्याला पकडून वाचून दाखवली. आईनं 'झोप' लिहिलं एवढंच नाही, तर 'तू वाचलास, मी तुझ्याच आवाजात ऐकलाय' म्हणून माझ्याशी वाद घातला. यादी पुढे केली तरी तिचं समाधान झालं नाही. तिचं म्हणणं, मी नंतर खोडला असणार.

दुसरी यादी मात्र फसली. सरांच्या साइटवर 'सुई' या न सांगितलेल्या शब्दाभोवतीची यादी आहे, ती मी सरळ भाषांतरित केली. त्यात 'डोळा' आहे, कारण इंग्रजीत सुईच्या भोकाला डोळा म्हणतात. आपल्याकडे ते नेढं. 'डोळा' ऐकून मराठी माणसाला सुई आठवायचं कारणच नाही. 'डोळा' काढून 'नेढं' घातलं तर ते इतकं थेट झालं की मामेभाऊ लगेच म्हणाला, 'यात सुई मुद्दाम गाळलीस ना?' शब्दांची जाळी प्रत्येक भाषेची वेगळी विणलेली असते, हे त्या फसलेल्या प्रयोगातून जेवढं कळलं तेवढं जमलेल्यातून कळलं नव्हतं.

अशीच एकदा व्यक्तिमत्त्व चाचणीत फसले. जन्मतारीख विचारली, सात-आठ प्रश्न विचारले, आणि माझं वर्णन आलं. तुम्ही स्वतःवर जरा जास्तच टीका करता, तुमच्यात न वापरलेली बरीच क्षमता आहे, वगैरे. किती जुळतं, पाचपैकी गुण द्या. मी चार दिले. खाली लिहिलेलं: हेच वर्णन सगळ्यांना दिसतं. बर्ट्रम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांवर हेच केलं होतं, त्याचा लेख १९४९ चा. त्यांच्या वर्गाची सरासरी ४.२६ आली होती. म्हणजे मी सरासरीपेक्षा किंचित कमी भोळी. खऱ्या व्यक्तिमत्त्व चाचण्या सरांनी साइटवर ठेवलेल्याच नाहीत, आणि 'स्वतःचं निदान इथे करू नका' असं दोन ठिकाणी ठळक लिहून ठेवलंय.

प्रश्नसंचांवरून मी त्यांच्यावर पहिले दोन महिने चिडलेली होते. उत्तरं दिली की बरोबर-चूक लगेच कळत नाही. चोवीस तासांनी कळतं, आणि मधल्या वेळात तोच संच परत सोडवता येतो. मला वाटलं साइट बिघडलीये. नंतर कोपऱ्यात बारीक अक्षरांत कारण सापडलं: रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर उलटं झालं: वाचणारे ४२ वर, आठवून लिहिणारे ५६ वर. मी कायम पहिल्या गटातली. रंगीत पेनानं अधोरेखित करायचं, परत वाचायचं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं समजायचं.

आता आधी वही मिटून लिहिते, मग उघडते. लिहिताना जीव जातो. गुण वाढले का? वाढले. पण या सत्रात मी झोपायची वेळ बदलली, एक मैत्रीण अभ्यासाला जोडीला आली आणि पेपरही सोपा होता. एक प्रयुक्त (ज्याच्यावर प्रयोग होतो ती व्यक्ती, म्हणजे मीच), तीन परिवर्तक (बदललेल्या गोष्टी), तुलनेला दुसरा गट नाही. या पुराव्यावर सरांनी मला नापास केलं असतं.

आकडेवारीच्या भागाबद्दल लोक फारसं बोलताना दिसत नाहीत, पण संख्याशास्त्राला घाबरणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी. पुस्तकातली उदाहरणं आंघोळ करून, भांग पाडून आलेली असतात. दहा मुलं, दहा नीट आकडे, मध्यमान (सरासरी) पूर्णांकात. इथे वर्गात घेतलेल्या स्ट्रूपच्या प्रयोगाची फाइल जशी जमली तशी ठेवलीये. ('लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो आणि आपण शाईचा रंग सांगायचा, तो प्रयोग. स्ट्रूप यांचा मूळ लेख १९३५ चा.) एकाचा प्रतिक्रिया काल चौदा सेकंद, बहुधा फोन वाजला असावा. एकीनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कळ दाबलीये. एकाचं वय २२०. आता यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, आणि का? सर उत्तर देत नाहीत, एवढंच म्हणतात: निकाल बघायच्या आधी ठरवा आणि कुठेतरी लिहून ठेवा.

मी आधी निकाल बघितला. मग चौदा सेकंदवाला काढून बघितला, मग ठेवून, मग मध्यमानाऐवजी मध्यक (आकडे क्रमानं लावले की मधोमध येणारा) घेऊन. प्रत्येक वेळी फरकाचा आकडा हलला आणि मला हवा तो निवडायचा मोह झाला. संशोधनात गडबड कशी होते हे त्या संध्याकाळी नीट समजलं. त्याला लबाड असावं लागत नाही, थोडी घाई पुरते.

सूचनांत मात्र अजून एसपीएसएस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या मेन्यूंची चित्रं आहेत. ते विकत घ्यावं लागतं आणि आताच्या आवृत्तीत मेन्यूही तसे दिसत नाहीत. मी सगळं जास्प या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या लोकांनी ते बनवलंय, फाइल ओढून टाकली की चालतं. नवख्यांनी तेच घ्यावं.

आता 'मी चुकीचं शिकवलं'. या पानावर सर जुन्या नोट्समधली वाक्यं खोडून ठेवतात, पण पुसत नाहीत. मूळ वाक्यावर रेघ, शेजारी तारीख, खाली कारण. न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीच्या १९६४ च्या खुनाची गोष्ट तिथे आहे: अडतीस जण खिडकीतून बघत राहिले आणि कुणी हललं नाही, ही. अडतीस जण नुसते बघत होते याला आधार सापडत नाही, असं दाखवणारा लेख २००७ मध्ये आला आणि सरांनी ते वाक्य खोडलं. मात्र त्याखाली एक ओळ आहे जी मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलीये. तिचा आशय असा की गोष्ट पडली म्हणून डार्ली आणि लाटाने यांचे १९६८ चे प्रयोग (आजूबाजूला इतर लोक असले की माणूस मदतीला कमी धावतो, हे दाखवणारे) पडत नाहीत, दोन्ही वेगळं तपासा.

इच्छाशक्ती स्नायूसारखी थकते, हेही खोडलेलं आहे. २०१६ मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांवर त्यामागचा एक प्रयोग पुन्हा केला, परिणाम जवळजवळ शून्य. प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी, डोळ्यांनी शिकणारा, कानांनी शिकणारा, हेही खोडलंय. हे वाचून मला धक्काच बसला, कारण शाळेत असताना फॉर्म भरून मी 'दृश्य प्रकारची' ठरले होते आणि पाठांतर न येण्याचं तेच कारण बरीच वर्षं सांगत आले होते. आणि सगळ्याच्या वर २०१५ चा तो प्रकल्प, ज्यात मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा) होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस विषयच बदलावा असं वाटत होतं. जे पाठ केलं त्यातलं अर्धं भुसा असेल तर कशाला? मैत्रीण म्हणाली, 'बाकीच्या विषयांत कुणी परत करून बघितलंय का?' त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परीक्षेत काय लिहायचं हा प्रश्न उरतोच. माझ्याकडच्या एका गाइडमध्ये अडतीस साक्षीदार अजून खिडकीत उभे आहेत. मी अभ्यासक्रमात आहे ते आधी लिहिते आणि खाली दोन ओळींत नंतरची टीका देते. अजून तरी त्यासाठी गुण कापले गेलेले नाहीत.

तक्रारी बऱ्याच आहेत. मोबाइलवर ही साइट वापरणं म्हणजे शिक्षा. यादी पडद्याबाहेर जाते आणि कळ दाबायचे प्रयोग तर चालतच नाहीत. शोधायची सोय नाही. वाचनाच्या यादीतले बरेच दुवे मेलेले आहेत, लेखाचं शीर्षक वेगळं शोधावं लागतं. ध्वनिमुद्रणात घुमतं, आणि सर फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की काही ऐकू येत नाही. नुसत्या स्लाइड्स आहेत त्या तर सोडूनच द्या. बोलणाऱ्याशिवाय स्लाइड म्हणजे माणूस नसलेला सदरा.

पण खरी निराशा झाली ती मनोविकारांच्या भागात. स्मृती आणि अवधानावर एवढी मेहनत घेणाऱ्या माणसानं नैराश्याला दोन परिच्छेदांत उरकलंय. त्यातही निदानाची जुनी पाच अक्षांची पद्धत (रुग्णाची पाच वेगवेगळ्या बाजूंनी नोंद करायची ती) 'सध्याची' म्हणून दिलेली होती. डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, २०१३ मध्ये, ती काढून टाकली गेली. ज्यांना फक्त याच विषयासाठी साहित्य हवंय त्यांनी इथे वेळ घालवू नये.

हे मी सरांना मेलनं कळवलं. तीन वेळा लिहून खोडलं, शेवटी चार ओळी पाठवल्या. तीन आठवडे उत्तर नाही. मग एके दिवशी ते पान उघडलं तर पाच अक्षांच्या परिच्छेदावर रेघ, शेजारी तारीख. मेलचं उत्तर अजूनही आलेलं नाही. नैराश्याचे दोन परिच्छेद आहेत तसेच आहेत, त्यांच्याबद्दलची दुसरी मेल लिहायला घेतलीये.