गूगलचे जोडधंदे आणि मूळ धंदा

‘शिक्षा’ हा शब्द देवनागरीत टाकून गूगलवर शोध घेतला, तर वर येतात ती बहुतांशी शिक्षणाविषयीची हिंदी पाने. मराठीत ज्याला आपण शिक्षा म्हणतो तिच्याविषयी वाचायचे असेल, तर सोबत आणखी दोन-तीन अस्सल मराठी शब्द जोडावे लागतात. लिपी एक आणि शब्दही एक असल्यावर संख्येने मोठी असलेली भाषा बाजी मारणार, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या कंपनीच्या नावाचे मराठीतही क्रियापद झाले, तिच्या मूळ सेवेविषयी लिहिताना सुरुवात या तक्रारीने करावी लागते. गेली वीस-बावीस वर्षे या कंपनीच्या बहुतेक सेवा नेमाने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, गूगलचे जोडधंदे आज तिच्या मूळ धंद्यापेक्षा सरस आहेत.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये कंपनी काढली तेव्हा त्यांची कल्पना साधी आणि देखणी होती. एका पानाने दुसऱ्या पानाला दुवा दिला, म्हणजे त्याची शिफारस केली असे मानायचे, आणि शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत जेवढी मोठी तेवढे त्या शिफारशीचे वजन अधिक धरायचे. इंग्रजीत ही युक्ती कमालीची चालली. मराठीत तिला आधीपासूनच थोडी कमी सामग्री मिळाली, कारण आपण मराठीत लिहिणारे लोक एकमेकांना दुवे देण्याच्या बाबतीत जरा हात आखडताच घेतो. (दुसऱ्याचा मजकूर नावाशिवाय जसाच्या तसा उचलण्यात मात्र आपला हात फार सैल आहे.) त्याच वर्षी या दोघांनी लिहिलेल्या शोधनिबंधात एक इशाराही होता: जाहिरातींवर चालणारी शोधसेवा स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाईल. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, कंपनीने स्वतःची जाहिरातसेवा सुरू केली. आरंभी जाहिराती वेगळ्या रंगाच्या पट्ट्यावर असत आणि त्या नजरेआड करणे सोपे होते. पुढे तो रंग गेला, आणि आज विमा, कर्ज किंवा हॉटेल यांपैकी काहीही शोधले, तर पहिले खरे उत्तर गाठेपर्यंत फोनचा पडदा बराच वर सरकवावा लागतो.

मे २०२४ पासून अमेरिकेत, आणि नंतर आपल्याकडेही, उत्तरांच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश दिसू लागला. पिझ्झ्यावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद मिसळावा, हा त्या सारांशाने पहिल्याच दिवसांत दिलेला सल्ला जगभर चेष्टेचा विषय झाला. तेव्हापासून त्यात सुधारणा झाली आहे. तरीही माहितीचा मूळ स्रोत न उघडता उत्तर पुरवणारी ही सोय मला शोधसेवेच्या हेतूशीच विसंगत वाटते, कारण शोध घेणाऱ्याला पुष्कळदा उत्तराइतकेच ते कोण देत आहे हे पाहायचे असते. त्याच महिन्यात आलेली ‘वेब’ ही गाळणी (फिल्टर) निवडली, तर फक्त दुव्यांची जुनी, साधी यादी मिळते. मी ती कायमची निवडून ठेवली आहे. त्याशिवाय नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालणे, शोध एकाच संकेतस्थळापुरता मर्यादित करणे आणि केवळ पीडीएफ फायली मागणे या तीन सवयी ज्याला आहेत, त्याला आजही गूगलच्या तोडीचे दुसरे साधन सापडणे कठीण आहे. शासन निर्णयांसारखी एरवी हाती न लागणारी कागदपत्रे शोधताना याचा प्रत्यय येतो. म्हणजे यंत्र अजून उत्तम आहे. त्याच्या दारातली गर्दी वाढली आहे.

ती गर्दी वाढू देणे कंपनीला परवडते, कारण ग्राहक दुसऱ्या दारी सहसा जात नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यायाधीश अमित मेहता यांनी, गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनी टिकवली, असा निकाल दिला. फोन आणि ब्राउझर यांत आपलीच सेवा आधीपासून बसवलेली असावी म्हणून एकट्या २०२१ मध्ये कंपनीने सुमारे २,६३० कोटी डॉलर मोजले होते, हेही त्या खटल्यातून समोर आले. भारतीय स्पर्धा आयोगानेही अँड्रॉइडच्या संदर्भात ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

जोडधंद्यांकडे वळल्यावर चित्र पालटते. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागेसह आले, तेव्हा हॉटमेलवर २ एमबी जागा मिळत असे, आणि तारीख पाहून अनेकांनी ती बातमी थट्टाच समजली. संदेश पुसण्याऐवजी साठवायचे आणि लागेल तेव्हा शोधायचे, ही सवय आपल्याला जीमेलने लावली. नकाशांच्या बाबतीत दुचाकीसाठी वेगळा मार्ग दाखवण्याची सोय डिसेंबर २०१७ मध्ये प्रथम भारतातच आली, आणि पेठांमधल्या बोळांतून स्कूटर काढणाऱ्याला तिचे मोल वेगळे सांगायला नको. २०२२ मध्ये रस्त्यांची सलग छायाचित्रे दाखवणारी सेवा आपल्याकडे दहा शहरांपासून सुरू झाली. त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगरही होते.

तथापि मराठी वाचकाने ज्या सोयीची सर्वाधिक दखल घ्यावी, तिची चर्चा सर्वांत कमी होते. छापील मराठी पानाचे स्पष्ट छायाचित्र ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या फायली साठवण्याच्या सेवेत, चढवावे आणि ते गूगल डॉक्समध्ये उघडावे. छायाचित्राखाली त्या पानाचा मजकूर टंकलेल्या, दुरुस्त करता येण्याजोग्या अक्षरांत हजर होतो. आजोबांच्या संग्रहातील जुन्या दिवाळी अंकांची काही पाने मी अशीच उतरवून घेतली, आणि जे काम हाताने करायला महिना लागला असता ते चार संध्याकाळींत झाले. दोन स्तंभांची मांडणी किंवा कोष्टके असतील तर पान आधी कापून एकेक तुकडा द्यावा. जुन्या खिळ्यांच्या छपाईतील जोडाक्षरे, विशेषतः ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, डोळ्यांखालून घालावीच लागतात. पण ही सेवा निःशुल्क आहे, आणि तिला एखादे स्वतंत्र नावसुद्धा नाही.

भाषांतराच्या सेवेत मराठी २०१३ मध्ये आली आणि २०१७ मध्ये ती न्यूरल, म्हणजे तुकड्यांऐवजी पूर्ण वाक्य एकदम विचारात घेणाऱ्या, पद्धतीवर गेल्यानंतर वाक्ये वाचण्याजोगी झाली. कोकणीला मात्र त्यासाठी २०२२ पर्यंत थांबावे लागले. इंग्रजी पत्राचा आशय कळण्यापुरते हे भाषांतर पुरेसे असते, छापण्यापुरते नसते. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच सर्वनाम असल्यामुळे ऐकणारा त्यात धरला आहे की वगळला आहे, हे यंत्राला केवळ अंदाजाने ठरवावे लागते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही तसेच आहे, आणि सासऱ्यांना धाडलेल्या निरोपात तो अंदाज चुकला तर हसे होते. त्या मानाने मराठी बोलून टंकण्याची सोय, जीही २०१७ मध्येच आली, पुष्कळ विश्वासार्ह आहे. कळफलकाशी कधीच न जमलेली ज्येष्ठ मंडळी तिच्या आधाराने लांबलचक मजकूर लिहिताना दिसतात.

आता या जोडधंद्यांची उणी बाजू. ज्या सेवेत जाहिराती आहेत ती त्यांच्या भाराने बिघडते आणि ज्या सेवेत नाहीत ती कमाई नाही म्हणून बंद होऊ शकते, अशी ही अडचण आहे. भारतात कमालीचे लोकप्रिय झालेले ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. बातम्या आणि ब्लॉग एकत्र वाचण्याचे रीडर त्याआधीच, १ जुलै २०१३ रोजी, गेले होते, आणि तसे नेटके साधन कंपनीने पुन्हा दिले नाही. गूगल प्लस हे दुसरे समाजमाध्यम २०१९ मध्ये, तर खेळांची स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळली गेली. स्टेडियाच्या ग्राहकांना पैसे परत मिळाले, एवढे मात्र कंपनीच्या पदरी घालावे लागेल. फोटो ही सेवा बंद झाली नाही, पण २०१५ पासून मिळणारी अमर्याद निःशुल्क जागा १ जून २०२१ रोजी संपली, आणि तेव्हापासून नवे फोटो, ईमेल आणि फायली मिळून १५ जीबीत मावावे लागतात. आधी सवय लावायची आणि मग भाडे मागायचे, ही रीत बेकायदेशीर नाही. तिला मनाचा मोठेपणाही म्हणता येत नाही.

म्हणून टेकआउट या सेवेला मी पैकीच्या पैकी गुण देतो. २०११ पासून उपलब्ध असलेल्या या सोयीने खात्यातले ईमेल, फोटो, दस्तऐवज आणि नकाशावर जपलेली ठिकाणे एकत्र बांधून उतरवून घेता येतात. ग्राहकाला असे सामानासकट बाहेर पडू देण्याचे धोरण मला मोलाचे वाटते. मागणी नोंदवताना फाईलचा आकार आधीपासून ठरवलेल्या २ जीबीऐवजी ५० जीबी निवडावा, नाहीतर तुकड्यांची मोजदाद करता करता जीव जातो. गठ्ठा तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागू शकतात आणि उतरवण्याचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो. त्यामुळे मी मागणी दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस नोंदवतो आणि नरक चतुर्दशीच्या दुपारी, घर फराळ खाऊन सुस्तावलेले असताना, सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतो.