जुळे सोलापुरातले गप्पी मासेवाले काका, एकदा जाऊन बघाच

मागच्या वर्षी एका दुकानातून गप्पीची जोडी आणली, फॅन्सी म्हणून जास्त पैसे दिले आणि पिल्लं झाली तर सगळी मिक्स, बापाचा रंग एकालाही नाही. काकांना सांगितलं तर हसले, म्हणाले मादी आधीच दुसऱ्या नराला लागलेली असणार, एकदा लागली की महिनोन्महिने त्यावरच पिल्लं देते, नवीन नर सोडून काय उपयोग!

काकांच्या गच्चीवर थर्माकोलचे डबे आहेत पंचवीसेक, प्रत्येकावर मार्करने लाईन (म्हणजे गप्पीचा वाण) आणि तारीख लिहिलेली. पिल्लं ३-४ आठवड्यांची झाली की खालचा पर बघून नर-मादी वेगळे करतात, मादीचा तो पंखा असतो आणि नराचा काडीसारखा होत जातो, मला भिंगातून दाखवलं. पाठ वाकडी दिसली तर ते पिल्लू विकायला नाही आणि ब्रीडिंगला तर नाहीच. खायला रोज ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात बाटलीत हवा सोडून उबवतात, साधारण २४ तासात तयार. नळाला पाणी रोज नसतंय आपल्याकडं, म्हणून ड्रम भरून ठेवतात, क्लोरीनपण उडून जातं. मे महिन्यात डब्यांवर ओलं पोतं.

तोटा एकच, काका लवकर विकत नाहीत. टाकी कधी लावली विचारलं, मी म्हटलं परवा, तर सरळ हात हलवत परत पाठवलं की महिनाभर मासे न सोडता पाणी चालू दे मग ये. राग आला होता खरं. नंतर आणलेल्या सहातला एकपण मेला नाही अजून. सकाळी दहाच्या आत जा, नंतर झोपतात.