मोटाउन २५ : निर्मातीच्या कामासाठी पुन्हा पाहावा असा संच

‘मोटाउन २५ : यस्टर्डे, टुडे, फॉरएव्हर’ हा मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रिका कंपनीच्या वर्धापनाचा, दूरचित्रवाणीवरचा संगीतसोहळा २०१४ मध्ये डीव्हीडीवर आला. बहुतेक रसिक तो एकाच प्रसंगासाठी घेतात : ‘बिली जीन’ या गाण्यात मायकेल जॅक्सनने केलेला ‘मूनवॉक’, म्हणजे पुढे चालल्याचा भास देत मागे सरकण्याची नृत्यचाल. मीही त्यासाठीच घेतला होता. परंतु दुसऱ्यांदा पाहताना गायकांपेक्षा त्यांना एकत्र आणणाऱ्या व्यक्तीविषयी कुतूहल वाटू लागले, आणि सुझॅन डी पास या कार्यकारी निर्मातीचे काम समजून घ्यायला याहून चांगले साधन नाही, असे माझे मत झाले.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेल्या डी पास १९६८ मध्ये मोटाउनचे संस्थापक बेरी गॉर्डी यांच्या सहायक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये गायक बॉबी टेलर यांच्या घरी त्यांनी पाच जॅक्सन भावांना ऐकले आणि त्यांच्याशी करार करण्याची गॉर्डींना गळ घातली. बालवयातील स्टीव्ही वंडरच्या वेळी शिकवण्या आणि परवानग्या यांचा जो व्याप झाला होता, तो आठवून गॉर्डींनी आधी नकार दिला. डी पास यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. करार झाल्यावर त्या मुलांच्या पोशाखापासून रंगमंचावरच्या वावरापर्यंत सगळीकडे त्यांनी जातीने लक्ष घातले.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली की सोहळा वेगळा दिसू लागतो. २५ मार्च १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील सभागृहात तो मुद्रित झाला आणि १६ मे रोजी एनबीसी वाहिनीवरून सुमारे ४ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. खरी अडचण अशी होती, की ज्यांच्यावाचून या सोहळ्याला अर्थ नव्हता, तेच कलावंत मोटाउन सोडून गेले होते. मायकेल आणि त्याचे बहुतेक भाऊ सत्तरच्या दशकाच्या मध्यात, डायना रॉस १९८१ मध्ये आणि मार्विन गे १९८२ मध्ये बाहेर पडले होते. कागदोपत्री कंपनीचा त्यांच्यावर कसलाही हक्क उरला नव्हता. त्यांना परत बोलवायचे तर जुन्या ऋणानुबंधांचाच काय तो आधार होता. मायकेलने येण्यासाठी आपले नवे गाणे गायची अट घातली, आणि मोटाउनच्या वर्धापन सोहळ्यात दुसऱ्या कंपनीचे गाणे घेण्याचा निर्णय झाला. गाण्याचा आवाज आधी मुद्रित केलेला होता, हे लक्षपूर्वक पाहिल्यास कळते. तरीही भावांची गळाभेट होऊन ते निघून गेल्यावर तो एकटा उरतो आणि जुन्या गाण्यांकडून नव्याकडे वळतो, त्या क्षणाचा परिणाम यत्किंचितही कमी होत नाही.

मला त्याहून मोठा वाटतो तो मार्विन गे यांचा भाग. ते पियानोपाशी बसतात, बोटे हळूहळू फिरवत कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या वाटचालीविषयी बोलत राहतात आणि मग उठून गातात. वेगाला चटावलेल्या वाहिनीवर हे संथ बोलणे कापले गेले असते, तर कोणाला खटकलेही नसते. ते राखले गेले, यात मला निर्मितीची खरी समज दिसते. १ एप्रिल १९८४ रोजी गे यांचा मृत्यू झाला, त्यामुळे आज ती मिनिटे पाहताना मन भरून येते.

उणिवाही आहेत, आणि एक फार गंभीर आहे. ज्या स्टुडिओवादकांनी या गाण्यांना त्यांचा नाद दिला, त्यांना रंगमंचावर मानाची जागा नाही. जेम्स जेमरसन यांचे बास गिटार मोटाउनच्या कितीतरी गाण्यांचा कणा आहे. ते त्या रात्री सभागृहात होते, पण तिकीट काढून आलेले प्रेक्षक म्हणून, आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. डायना रॉस यांच्या ‘सुप्रीम्स’ या जुन्या गायिकासमूहाचे पुनर्मीलनही रंगण्याआधीच इतर कलावंतांच्या गर्दीत विरते. मूळ मुद्रण व्हिडिओ टेपवरचे असल्याने मोठ्या पडद्यावर चित्र काहीसे मऊ दिसते, पण तेवढे चालवून घ्यावे.

या कार्यक्रमाला दूरचित्रवाणीसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. मात्र डी पास यांच्या नजरेची झेप संगीतापुरती नव्हती. ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ या चित्रपटाच्या सहलेखनासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते, आणि वेस्टर्न कथांना वाहिन्यांवर फारशी मागणी उरली नव्हती अशा काळात त्यांनी लॅरी मॅकमर्ट्री यांच्या ‘लोन्सम डव्ह’ या कादंबरीचे हक्क घेतले. तिला १९८६ चा पुलित्झर मिळाला, आणि तिच्यावरून १९८९ मध्ये सीबीएस वाहिनीवर आलेल्या चार भागांच्या मालिकेने सात एमी पटकावले. २०२४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डी पास यांना अहमेट एर्टेगन पुरस्कार दिला.

सोहळ्याचे अनेक डिस्कचे मोठे संचही निघाले आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मूळ कार्यक्रमाची डिस्क पुरेशी आहे. पाठोपाठ ‘लोन्सम डव्ह’ अवश्य पाहावी. गुरांचा कळप घेऊन उत्तरेकडे निघण्याआधी तिचा पहिला भाग टेक्ससमधल्या धुळकट गावात बराच वेळ रेंगाळतो, आणि तिथेही गे यांच्या पियानोपाशी जाणवलेला तोच धीर मला दिसला.