विश्रामबागचा जुना फ्लॅट की कुपवाडकडचा प्लॉट?

पुण्यातला आतेभाऊ दिवाळीपासून एकच विचारतोय: पस्तीस लाख आहेत, सांगलीत कशात घालू? विश्रामबागेत पंधरा वर्षं जुना टू बीएचके आहे आणि कुपवाडच्या बाजूला तेवढ्याच किमतीचा मोकळा प्लॉट. एजंटचं दोन्हीला एकच वाक्य, "साहेब, दहा वर्षांत डबल."

डबल म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला 7.2 टक्के. ते खरंच होतंय का, हे बघायला सांगलीत तयार आकडा नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या घरांच्या निर्देशांकात पुणे, नाशिक आहे, आपण नाही. रेडीरेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेले जागेचे दर, बघाल तर सरकारनं 2023 आणि 2024 ला दर होते तेच ठेवले. म्हणून बाजार झोपला होता असं नव्हे.

मग उरते सूची-2, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा सारांश. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच इमारतीचे जुने दस्त काढायचे. एकच फ्लॅट दोनदा विकला गेलेला सापडला तर सोन्याहून पिवळं. दस्तातली किंमत कधी कधी रेडीरेकनरलाच चिकटलेली असते, वरचे पैसे रोखीत जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून चार-पाच दस्त बघावेत. एक चूक मात्र हमखास होते: शेजारच्या नव्या स्कीमचा रेट ऐकून जुन्या फ्लॅटचा भाव वाढला असं धरलं जातं. आतेभाऊ विकायला काढेल तेव्हा इमारत पंचवीस वर्षांची असेल. लिफ्ट कुरकुरणार, गच्ची गळणार आणि गिऱ्हाइकाची बँक कर्ज देताना खळखळ करणार. भाव वाढतो तो जमिनीचा. फ्लॅटवाल्याच्या वाट्याला तिचा लहानसा हिस्सा येतो.

आता हिशेब. समजा 35 लाखांचा फ्लॅट दहा वर्षांनी 52 ला गेला. वाढ दिसते वर्षाला चार टक्के. पण मुद्रांक आणि नोंदणीचे दोन लाख चाळीस हजार आणि विकतानाची दलाली धरली की सव्वातीनच उरते. भाडं महिना नऊ हजार, वर्षातला एक महिना रिकामा, मेंटेनन्स-घरपट्टी वजा: त्यातून आणखी दोन टक्के. एकूण सव्वापाच. प्लॉटला भाडं नाही, म्हणजे तेवढंच मिळवायला तो बासष्ट-त्रेसष्ट लाखांना जायला हवा. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के कर, तो दोन्हीकडे सारखाच.

प्लॉट स्वस्त का, हे आधी विचारा. आपल्याकडे उत्तर बहुतेकदा "गुंठेवारी" असतं, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेली जमीन. 2001 चा कायदा 2021 मध्ये सुधारून 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित व्हायची वाट दिली, पण वाट दिली म्हणजे कागद झाला असं नाही. नियमित झाल्यावर किंमत उडी मारते ती कागदाची, परिसराची नव्हे. तशी उडी एकदाच मिळते. शेजारचा प्लॉट दुप्पट झाला म्हणतात तेव्हा मधल्या काळात तो नियमित झाला का, ते बघावं.

नदीकाठच्या गावभागातलं जुनं घरही कुणीतरी सुचवलं होतं. मी लगेच नाही म्हटलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. 2005 आणि 2021 चे पूर आहेतच. तिथली स्वस्ताई उगाच नाही.

माझा कल प्लॉटकडे, पण एनए (बिगरशेती) आणि मंजूर लेआउट असेल तरच. कुंपणावर लक्ष ठेवायला मी इथे आहे. मी नसतो तर फ्लॅट घे म्हटलं असतं, निदान भाडेकरू तरी दाराशी असतो.

जमीन काळी आहे, पाणी मुरत नाही. त्याला जुलैअखेर ये म्हटलंय, म्हणजे प्लॉटवर गुडघाभर डबकं होतं का ते दिसेल. एजंट म्हणतोय, मे मध्येच उरकू.