हेरिटेजचा ऑनलाइन कोर्स: रेकॉर्डेड करावा की लाइव्ह बॅच?

गेल्या महिन्याभरात तिघांनी तरी विचारलं, सर, म्युझियमच्या साइटवरच्या वस्तू वर्गात कशा वापरायच्या याचे ऑनलाइन कोर्स निघालेत त्यातला कुठला घेऊ? मी दोन्ही प्रकारचे केलेत. एक रेकॉर्डेड, आपल्या सवडीने बघायचा, आणि दुसरा लाइव्ह, सहा शनिवार संध्याकाळी सात ते साडेआठ. नावं घेत नाही, दोन्हीकडे ओळखीचे लोक आहेत.

रेकॉर्डेडचं कौतुक आधी करतो, नाहीतर अन्याय होईल. फुकट आहे, रात्री जेवणं उरकल्यावर बघता येतो, शिकवणाऱ्या मॅडम मुद्देसूद. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेलं इंडियन कल्चर पोर्टल म्हणजे आपल्या सरकारची वारशाची वेबसाइट, युरोपियाना म्हणजे युरोपातल्या म्युझियम-ग्रंथालयांच्या वस्तू एकत्र शोधायची वेबसाइट, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनी २०१७ मध्ये कुणालाही वापरायला खुली केलेली चित्रं, हे सगळं मला तिथंच कळलं. कुठलं चित्र बिनधास्त छापून भिंतीवर लावायचं आणि कुठल्याला परवानगी लागते, ती सीसी झिरोची, म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडल्याच्या खुणेची, भानगडसुद्धा तिथंच सुटली. शेवटी सर्टिफिकेट मिळतं, ते फाइलला लागतं, झालं.

आता माझं डोकं कशानी फिरलं ते सांगतो. सहावीला हडप्पा संस्कृती असते. कोर्समध्ये एक छान आयडिया दिलेली, मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली ती कांस्य नर्तकी मुलांना दाखवायची, डाव्या हातातल्या बांगड्या मोजायला लावायच्या, मग उजव्या हातातल्या, आणि हा फरक का असेल यावर बोलायचं. मी फोटो डाउनलोड केला, पेनड्राइव्हवर घेतला, वर्गातल्या टीव्हीला लावला, आणि मोठा झाल्यावर सगळा फोटो फुटला. बांगड्या कसल्या, नुसती धुरकट नळी. एक म्हणतो अठरा, एक म्हणते तीस, आणि शेवटच्या बाकावरून आवाज आला, "सर, हिच्या हाताला प्लास्टर आहे का?" तास तिथंच संपला म्हणायला हरकत नाही.

कोर्सच्या प्रश्नपेटीत विचारलं की बाबांनो मोठा फोटो कुठून घ्यायचा. लगेच मेसेज आला, आपला प्रश्न मिळाला आहे. त्यानंतर अकरा दिवसांनी उत्तर, 'कृपया मॉड्यूल तीन पुन्हा पाहा.' मॉड्यूल तीन मी दोनदा बघितलं होतं, त्यात याबद्दल एक अक्षर नाही. तेव्हा मी जरा जास्तच चिडलो असेन, पण तो राग अजून गेलेला नाही हे खरं.

पुढच्या सीझनला लाइव्ह बॅच घेतली आणि दुसऱ्याच शनिवारी हाच प्रश्न टाकला. तिथल्या ताईंनी स्क्रीन शेअर करून दोन मिनिटांत दाखवलं. युरोपियानासारख्या ठिकाणी हजारो संस्थांची माहिती एकत्र केलेली असते, पण तिथं येतं ते मुख्यतः वस्तूचं माहितीपत्रक आणि छोटं चित्र, मूळ फाइल त्या त्या म्युझियमकडे. मग तिथल्या लिंकवरून मूळ संस्थेच्या पानावर जायचं आणि मोठी फाइल घ्यायची. एवढंच. वर त्यांनी विचारलं, "सर, मुलांना तिची उंची सांगितली होती का?" नव्हती सांगितली. साडेदहा सेंटीमीटर! पुढच्या तासाला प्रत्येक बाकावर तेवढी कागदाची पट्टी कापून ठेवली, तर पोरं म्हणतात सर ही तर आपल्या पेनापेक्षा छोटी, आम्हाला वाटलं माणसाएवढी असेल. नवीन फोटोवर उजव्या हाताच्या चार लगेच मोजून झाल्या, डाव्या हाताच्या मात्र खिडकीकडची रांग चोवीस म्हणे आणि दाराकडची पंचवीस, घंटा होईपर्यंत भांडण. गंमत म्हणजे पुस्तकांतही दोन्ही आकडे सापडतात.

लाइव्हचे तोटे नाहीत असं नाही. फी आहे, शनिवार संध्याकाळ जाते, आमच्याकडे रेंजसाठी गच्चीवर बसावं लागायचं, पहिल्या दिवशी अर्धा तास ओळखीपाळखीत गेला आणि एका सरांनी सहा आठवड्यांत एकदाही माइक बंद केला नाही, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांनी मोजल्या. शिवाय दर आठवड्याला एक पाठ टाचण लिहून टाकायचं आणि दुसऱ्या दोघांचं वाचायचं. मी पहिल्या टाचणात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांना वारशाचे महत्त्व समजेल.' कोकणातल्या एका मॅडमनी खाली लिहिलं, म्हणजे मुलं नेमकं काय करतील? आधी राग आला, मग खोडलं. तेव्हापासून टाचणात 'समजेल' लिहिताना हात अडखळतो.

खरं सांगायचं तर रेकॉर्डेड असण्यात दोष नसावा. ब्रुसेल्सचं युरोपियन स्कूलनेट, म्हणजे युरोपातल्या शिक्षण मंत्रालयांचं जाळं, त्यांनी युरोपियानाबरोबर शिक्षकांसाठी जे ऑनलाइन कोर्स केले, तेही आपल्या वेळेनुसारच करायचे होते, पण शेवटी स्वतःचा पाठ लिहावा लागायचा आणि सहभागी शिक्षक एकमेकांचे पाठ तपासायचे. असे बरेच पाठ टीचिंग विथ युरोपियाना या ब्लॉगवर आहेत, इंग्रजी जमत असेल तर चाळून बघा, कोर्स न करतासुद्धा कामाचे आहेत.

तुम्हाला सर्टिफिकेटच हवं असेल, किंवा घरी लहान मूल असेल, किंवा कॉम्प्युटरवर हात बसलेला असेल तर रेकॉर्डेड घ्या, वाईट नाहीये. दहावीवाल्यांना 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' या धड्यासाठी त्यातले पहिले दोन भाग पुरेसे होतील असं मला वाटतं. पण पैसे आणि शनिवार निघत असतील तर मी तरी लाइव्हच म्हणेन. फक्त भरायच्या आधी फोन करून विचारा की टाचण कोण वाचतं आणि किती दिवसांत. आणि पहिला शनिवार चुकला तरी चालेल, दुसरा चुकवू नका.