नर्सरीतलं पानखत: कुंडीला चालेल, बियांच्या ट्रेला नको

बडोद्यात पावसाळ्याच्या तोंडावर बऱ्याच नर्सऱ्यांत सुट्या पानखताच्या पिशव्यांची थप्पी लागते. ही त्यातलीच एक, ५ किलोची, ब्रँड नसलेली. वर ‘शुद्ध पानखत’ एवढंच छापलंय. पानं कोणत्या झाडाची आणि किती महिने कुजवलेली, हे कुठेच नाही. खरं तर तेवढंच कळायला हवं होतं.

मूठभर खत कागदावर पसरलं की उत्तर मिळतं. कोयत्यासारखे वाकडे, चामडी तुकडे, शिरा शाबूत. बोटांत चोळले की निलगिरीच्या तेलाचा वास येतो. वास आहे म्हणजे सिनिओल, या तेलातलं मुख्य वासाचं द्रव्य, अजून उडालेलं नाही, आणि पानातली फिनॉलिक आम्लंही बऱ्यापैकी शिल्लक असणार. ही आम्लं पाण्यात उतरतात आणि शेजारच्या कोवळ्या मुळांची वाढ रोखतात. याला ॲलेलोपॅथी म्हणतात. हा शब्द वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली दिला. सुबाभळीच्या पानातलं मिमोसीन हे द्रव्यही असंच काम करतं.

तपासायची रीत सोपी आहे. एक वाटी खत पाच वाट्या पाण्यात २४ तास भिजवून फडक्यातून गाळायचं. दोन ताटल्यांत टिश्यू कागद, प्रत्येकीत मोहरीचे २० दाणे. एकीत हे पाणी, दुसरीत साधं. झाकून सावलीत ठेवायचं, चौथ्या दिवशी मुळांची लांबी मोजायची. नुसते रुजलेले दाणे मोजून फसू नये: दाणा स्वतःच्या साठ्यावर रुजतो, मार बसतो तो मुळाला. या खताच्या पाण्यात दाणे बहुतेक रुजले, पण मुळं साध्या पाण्यातल्यांच्या निम्मीही नव्हती, टोकं तपकिरी पडलेली. कच्च्या शेणखतातल्या क्षारांनीही मूळ आखडतं, पण या पिशवीत शेणाचा मागमूस नाही.

कुंडीतली रोपं पिवळी पडली की मात्र लगेच निलगिरीवर खापर फोडू नये. सुक्या पानात कार्बन जास्त, नत्र कमी. ती कुजवताना जीवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपाची खालची, जुनी पानं आधी पिवळी होतात. तिथे शेणाची स्लरी दिली की फरक दिसतो. मूळच आखूड राहिलं असेल तर स्लरीने भागत नाही.

म्हणून मिरची, टोमॅटो, मेथीच्या ट्रेला हे खत अजिबात वापरू नये. वाळू जास्त असलेल्या मिश्रणात तर नाहीच. आपल्याकडची काळी चिकणमाती ही द्रव्यं बरीचशी धरून ठेवते, वाळू ती सरळ मुळापर्यंत जाऊ देते. जास्वंद, बोगनवेलीसारख्या जुन्या झाडांना १२ इंची कुंडीत दोन मुठी वरून पसरायला हरकत नाही.

पिशवी आणलीच असेल तर खत तिच्यातच ‘मुरायला’ ठेवू नये. आतून प्लॅस्टिक आहे, हवा लागत नाही, माल आंबतो आणि त्या आंबटपणानेही मुळं जळतात. ढीग बाहेर घालावा, शेणकाला शिंपडावा, पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवावा, दर १५ दिवसांनी उलथावा. दोन-तीन महिन्यांत वास जातो. मग पुन्हा मोहरी लावून बघावी. मुळं बरोबरीला आली की ट्रेलाही चालेल.

दुकानदार चांगला बोलतो, पण ‘पानं कशाची?’ विचारलं की ‘मिक्स’ एवढंच उत्तर मिळतं. आसोपालव (उंच अशोक) किंवा वडाचं, काळंभोर झालेलं आणि ओल्या मातीचा वास येणारं खत शेजारच्या ढिगात सुटं मिळत होतं. तेच घ्यावं.